वैमानिक भावंडांची काळी बॅग

मित्रांनो, धारवाडला केलगेरीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बसके घर आहे. त्या घराच्या मधल्या खोलीत शिसवी कपाट आहे आणि त्या कपाटाच्या डोक्यावर मी बसलेली असते. मी काळी आहे, चामड्याची आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या पोटात सध्या लोकरीचे गुंडे आणि विणायच्या सुया असतात. पण एके काळी माझ्यात आकाशाचे नकाशे होते. मी वैमानिकाची बॅग आहे. एका नव्हे, दोन वैमानिकांची. दोघे एकाच आईची लेकरे, आणि पुढे एक दिवस असा आला की दोघांना एकमेकांसमोर उभे राहावे लागले. तेव्हा मी तिथेच होते.

माझा जन्म हुबळीचा. गोकुळ रोडवर पंपांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत, त्यांच्या मधल्या एका बोळात परशुराम यांचे बॅगा शिवायचे दुकान होते. वकिलांच्या बॅगा, औषधे विकत फिरणाऱ्यांच्या बॅगा, असे त्यांचे काम. धारवाडच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणारे वादिराज वकील त्यांचे जुने गिऱ्हाईक. एक दिवस वकीलसाहेब आपल्या मुलीला, श्यामलाला, घेऊन आले आणि म्हणाले, या खेपेस माझी नको, हिची शिवा. मुलगी विमान चालवणार आहे.

परशुरामांनी हातातले काम खाली ठेवले. वैमानिकाची बॅग त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी श्यामलाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले आणि विमानात कशी बसतेस, हात कुठवर जातो, ते दाखव म्हणाले. ती ताठ बसली. पुढे पाहत राहून उजवा हात नुसता खाली सोडला आणि म्हणाली, "काका, मला मान वळवता येणार नाही. हात घातला की कागद हाताला लागला पाहिजे." म्हणून माझे तोंड वरच्या बाजूला झाले, झाकण दोन पाखांचे झाले आणि आत उभे कप्पे आले. माझी शिवण दुहेरी आहे. इतक्या वर्षांत ती एकदाही उसवलेली नाही.

श्यामलाची कंपनी लहान होती. पुढे दोन पंखे फिरणारी छोटी विमाने आणि हुबळी, बेळगाव, म्हैसूर, कोल्हापूर अशी जवळची गावे. मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसायची. माझ्यात जाडजूड पुस्तके, विमानतळांचे नकाशे आणि बॅटरी असायची, शिवाय आईने दिलेला शेंगाचटणीचा डबा. एकदा त्या डब्याचे झाकण सैल राहिले आणि म्हैसूरच्या नकाशाला चटणीचा वास लागला. शेजारच्या कॅप्टनने नकाशा नाकाशी नेला आणि गंभीरपणे विचारले की या गावाला उतरल्यावर भाकरी मिळते का. श्यामला हसली नाही. कामाच्या वेळी ती हसत नसे. पण घरी आल्यावर तिने ही गोष्ट सगळ्यांना दोनदा सांगितली.

लहान कंपनीत वैमानिक थोडे, त्यामुळे ती लवकर कॅप्टन झाली. त्याच सुमारास नकाशे टॅबमध्ये आले. माझ्यातली पुस्तके एकेक करून निघून गेली आणि मी हलकी झाले. मित्रांनो, हलके होणे बरे वाटते, असे तुम्हाला वाटत असेल. बॅगेला नाही वाटत.

तेवढ्यात श्यामलाच्या धाकट्या भावाला, मुकुलला, नोकरी लागली. तोही वैमानिक झाला होता. त्याची कंपनी मात्र भली मोठी, मोठाली जेट विमाने असलेली, दिल्ली-दुबईला जाणारी. तिथे नव्या पोरांना अजून पुस्तके न्यावी लागत. श्यामलाने मला त्याच्यासमोर ठेवले.

"अक्का, नवी घेतो की मी," मुकुल म्हणाला.

"नवी कधीही घेशील. हिला रस्ता माहीत आहे," अक्का म्हणाली.

अशी मी अक्काकडून मुकुलकडे आले. अक्का मला उचलून ठेवायची, मुकुल मला ढकलून बसवायचा. बाकी दोघांत फार फरक नव्हता. दोघेही विमान जमिनीला टेकेपर्यंत एक शब्द जास्तीचा बोलत नसत.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे भांडण समजेल. वैमानिकांच्या जगात प्रत्येकाला एक क्रमांक असतो. जो कंपनीत आधी आला तो वर, नंतर आला तो खाली. त्याला ज्येष्ठता यादी म्हणतात. कॅप्टन कधी व्हायचे, कोणते विमान मिळणार, दिवाळीत घरी असणार की नाही, सगळे त्या क्रमांकावर ठरते. मुकुलच्या कंपनीत माणसे इतकी होती की रांग पुढे सरकतच नसे. अक्का कधीच कॅप्टन झाली होती आणि मुकुल अजून उजव्या खुर्चीवरचा को-पायलट होता. त्याचा बरोबरीचा मित्र साकेत त्याच्याबरोबर बेंगळुरात एकाच घरात राहायचा. तोही तसाच थांबलेला. दोघे एकमेकांना धीर द्यायचे, पुढच्या वर्षी नक्की म्हणून.

एका पावसाळ्यात आईच्या डोळ्याचे ऑपरेशन बेंगळुरात झाले. मुकुल तिला घेऊन हुबळीला निघाला. विमान अक्काच्या कंपनीचे होते आणि त्या दिवशी चालवायला अक्काच होती. मी मुकुलच्या पायाशी, पुढच्या सीटखाली. हुबळी जवळ आली आणि ढग खाली उतरले. पश्चिमेचा वारा विमानाला कुशीवर ढकलत होता. आम्ही इतके खाली आलो की खिडकीतून शेतातली पिवळी छत्री दिसली. आणि मग इंजिनांचा आवाज एकदम वाढला, नाक वर झाले, छत्री नाहीशी झाली. माणसे ओरडली. आईने डोळ्यावर हिरवी पट्टी असलेले तोंड मुकुलकडे वळवले आणि त्याचा हात घट्ट धरला. मुकुल हळूच म्हणाला की काही झालेले नाही, तिने बरोबर केले.

त्या वाऱ्यात टेकणे धोक्याचे होते, म्हणून अक्का विमान बेळगावला घेऊन गेली. तिथे उतरल्यावर एका गृहस्थांनी तिला सगळ्यांसमोर सुनावले. त्यांचे लग्नाचे बोलणे होते, हुबळीत पाहुणे खोळंबले होते, समोर धावपट्टी दिसत असताना विमान उतरवता येत नाही म्हणजे काय. अक्काने ऐकून घेतले आणि त्यांची बस कुठे उभी आहे ते सांगितले. घरी परतताना मोटारीत मुकुल तिला म्हणाला, "अक्का, मी असतो तर उतरवायला गेलो असतो. आणि चुकलो असतो." अक्काने खिडकीबाहेर पाहत मान हलवली, पण तिला ते फार आवडले हे मला कळले. ती माझ्या झाकणावर बोटांनी ठेका धरत होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी बातमी आली. मोठ्या कंपनीने लहान कंपनी विकत घेतली. घरात आधी आनंदच झाला. आई म्हणाली, बरे झाले, आता दोघांना एकच गणवेश.

पण गणवेश एक झाला तरी याद्या दोन होत्या. त्या दोन्हींची एक यादी करायची, तर कोणाला कुठे बसवायचे? अक्काच्या बाजूचे म्हणत, ज्या दिवशी माणूस नोकरीला लागला तो दिवस धरा. तसे केले तर अक्कासारखी जुनी माणसे मुकुल आणि साकेतच्या पुढे जाऊन उभी राहणार, आणि हाताशी आलेले त्यांचे कॅप्टनपद कितीतरी वर्षे लांबणार. मुकुलच्या बाजूचे म्हणत, तुमची कंपनी आमच्यात आली, तुम्ही मागून सुरुवात करा. तसे केले तर अक्का कालच्या पोरांच्याही खाली जाणार. शिवाय नव्या मालकांनी पंख्यांची विमाने विकायला काढली होती. म्हणजे जेटवर तिला पुन्हा उजव्या खुर्चीवर बसावे लागले असते, इतकी वर्षे कॅप्टन राहून.

आता सांगा, यात खोटे कोण होते? मी दोघांच्या खुर्च्यांशेजारी बसलेली. मला तर कोणी खोटे दिसले नाही.

वाद लवादाकडे गेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या एका निवृत्त न्यायाधीशांकडे. मुकुल वकिलाच्या घरातला, बोलायला नीट. म्हणून त्याच्या कंपनीतल्या वैमानिकांच्या संघटनेने त्याला साक्षीदार केले. विमानात आता माझे काम उरले नव्हते. संघटनेचे कागद न्यायला मुकुलने मला पुन्हा बाहेर काढले. नकाशांच्या कप्प्यांत आता अर्ज आणि म्हणणी येऊन बसली. तो कागद फार वेगळा असतो, मित्रांनो. नकाशा सगळ्यांना एकाच जागी पोचवतो.

पाडव्याला दोघेही धारवाडला आले. आई होळगी, म्हणजे पुरणपोळी, लाटत होती, अक्का तव्यापाशी होती. बाहेर मुकुलने माझ्यातून आपले लेखी म्हणणे काढले आणि भाषा तपासायला म्हणून वडिलांना, अप्पांना, वाचून दाखवले. त्यात एक वाक्य असे होते की पंख्यांच्या लहान विमानावरचा कॅप्टनचा अनुभव हा जेटवरच्या को-पायलटच्या अनुभवापेक्षा कमी दर्जाचा धरण्यात यावा. ते वाक्य वाचून होते न होते तोच अक्का ताट घेऊन दारात उभी होती.

"मुकुल, या वाक्यात मी आहे," ती म्हणाली.

"तू नाहीस अक्का. तुमची कंपनी आहे."

"माझ्या कंपनीत विमान मीच चालवत होते."

मग दोघांचे बोलणे वाढले. मुकुलने विचारले की मी इतकी वर्षे थांबलो ते काय उगाच, माझ्या जागी तू असतीस तर पुढे आलेल्या माणसाला वाट दिली असतीस का? अक्का म्हणाली, मी कोणाच्या पुढे घुसत नाही, मी जिथे होते तिथेच राहू द्या म्हणते. दोघे मराठीतून कन्नडमध्ये गेली. या घरात भांडण रंगले की असेच होते. अखेर दोघे अप्पांकडे वळली आणि म्हणाली, तुम्ही सांगा.

अप्पांनी चष्मा काढला. "दोन्ही पक्षकार माझ्या घरचे आहेत. या दाव्यात मी उभा राहणार नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी मुकुलला विचारले, "ते वाक्य कोणाचं?"

"संघटनेचं."

"आणि सही?"

मुकुलने कागद उलटा ठेवला. सही त्याची होती. आतून आई कन्नडमध्येच म्हणाली, "साकु. पुरे आता. ताटं निवतात." सगळे जेवायला बसले. होळगी चांगली झाली होती, पण दुसरी कोणी मागितली नाही.

सुनावणी बेंगळुरात होती. लांबट टेबल, एका बाजूला मोठ्या कंपनीचे वैमानिक, दुसऱ्या बाजूला लहान कंपनीचे. मी मुकुलच्या उजव्या पायाशी. साकेत त्याच्या शेजारी बसला होता. अक्का समोरच्या बाजूला, अगदी मागच्या रांगेत, साडी नेसून आली होती.

मुकुलने आपले म्हणणे चांगले मांडले. मग लहान कंपनीच्या वैमानिकांच्या वकील, सायली नावाच्या एक तरुण बाई, उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "कमी दर्जाचा अनुभव, असं तुम्ही लिहून दिलं आहे," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे का?"

मुकुलने कागद काढायला माझ्यात हात घातला. मान न वळवता, उजवा हात सरळ खाली सोडून. कागद त्याच्या बोटांना लागला होता, मी सांगते. पण त्याने तो वर काढला नाही. हात तसाच माझ्यात राहिला. 

"नाही," तो शेवटी म्हणाला. "मी पाहिलं ते वेगळं होतं."

न्यायाधीशांनी विचारले, काय पाहिलेत? मुकुलने हुबळीचा तो पाऊस सांगितला. ढग किती खाली होते, वारा कुठून येत होता, समोर धावपट्टी दिसत असताना कॅप्टनने विमान कसे वर उचलले आणि नंतर लोकांचे बोलणे कसे ऐकून घेतले. कॅप्टनचे नाव त्याने घेतले नाही. "त्या दिवशी तो निर्णय मला जमला असता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ते वाक्य मी मागे घेतो," तो म्हणाला. "बाकीचं म्हणणं मागे घेत नाही. आम्हीही थांबलो आहोत. आमचीही वर्षं खरी आहेत."

साकेतने आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. आवाज लहानसाच झाला, पण सगळ्यांनी ऐकला.

बाहेर व्हरांड्यात मुकुलने अक्काला गाठले. आपण बहीण-भाऊ आहोत हे वकीलबाईंना सांगितले होतेस का, असे त्याने विचारले. अक्का म्हणाली, "त्यांना माहीत होतं. घरातलं काही विचारायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती."  मुकुलने मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतले आणि तो जिना उतरला.

काही महिन्यांनी निकाल आला. न्यायाधीशांनी दोन्ही रांगा एकमेकींत गुंफल्या होत्या. अक्काचे कॅप्टनपद राहिले, पण कॅप्टनांच्या रांगेत ती पार तळाला गेली. सणावाराच्या ड्यूट्या आता तिच्याच वाट्याला. मुकुलचे आणि साकेतचे कॅप्टनपद काही वर्षे पुढे गेले. निकालपत्र लांबलचक होते. मुकुलच्या एका वाक्याने त्यात किती फरक पडला हे कोणालाच सांगता आले नसते. पण साकेतने ते सांगून टाकले. तू आपल्या सगळ्यांच्या पायावर धोंडा पाडलास, एवढे बोलून त्याने दुसरीकडे घर पाहिले.

मुकुल धारवाडला आला तो मला घेऊनच. त्याने मला कपाटावर ठेवले आणि ही इथेच राहू दे म्हणाला. आई मटार सोलत होती. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"आई, मी खरं बोललो याचं मला वाईट वाटत नाही," तो म्हणाला. "पण नुकसान माझं एकट्याचं झालं असतं तर मी सोसलं असतं. साकेतचंही झालं. त्याला मी विचारलं नव्हतं."

आईने त्याला समजावले नाही. तिने शेंगांची अर्धी रास त्याच्याकडे सरकवली. दोघे बराच वेळ मटार सोलत राहिले.

त्यानंतर अक्का घरी असेल तेव्हा मुकुल यायचा नाही. भांडण नव्हते, पण जवळीकही राहिली नव्हती. एकदा अक्का आईला म्हणाली की मुकुलचे आभार मानायचे राहून गेले, फोन करते. आईने तिला अडवले. "आभार मानू नकोस. तुझ्यासाठी केलं असं त्याला वाटेल. त्याने तुझ्यासाठी केलेलं नाही," आई म्हणाली. अक्काने फोन खाली ठेवला.

माझे ते दिवस वाईट गेले. पावसाळ्यात माझ्या अंगावर पांढरी बुरशी आली. पितळी कड्या हिरवट झाल्या. एका कोपऱ्यात चामडे तडकले. शेवटी आईला लोकर ठेवायला काहीतरी हवे होते, म्हणून तिने मला खाली घेतले, पुसले, खोबरेल तेल चोळले. पुन्हा पोटात काहीतरी आले, तेव्हा मला बरे वाटले. लोकर हलकी असते, पण उबदार असते.

मग यंदाच्या कार्तिकात असे झाले की ड्यूट्या लावणाऱ्या संगणकाने अक्का आणि मुकुल यांना एकाच विमानावर टाकले. अक्काने जेटचे शिक्षण पुरे केले होते. संगणकाला नातीगोती कळत नाहीत. विमान मुंबईहून हुबळीला यायचे होते आणि त्यांचा मुक्काम हुबळीतच होता. संध्याकाळी फाटक वाजले आणि दोघे गणवेशात आत आली. अक्काच्या खांद्यावर चार पट्ट्या, मुकुलच्या खांद्यावर तीन.

आईने पाणी दिले आणि विचारले, "आज विमान कोणी उतरवलं?"

"मुकुलने," अक्का म्हणाली. "छान उतरवलं."

"हिने शेजारून चार सूचना दिल्या असत्या तर बरं झालं असतं," मुकुल म्हणाला. "काही बोललीच नाही. मला वाटलं, मी काही चुकतोय."

अक्का म्हणाली की चुकत असतास तर बोलले असते. अप्पा वर्तमानपत्रामागून ऐकत होते.  मग मुकुलने हातातला पेला खाली ठेवला.

"अक्का, ती यादी मला अजूनही चुकीची वाटते."

"मलाही," अक्का म्हणाली. "माझा नंबर बघितलायस का तू?"

अप्पांच्या हातातले वर्तमानपत्र हलू लागले. ते हसत होते. मग आई हसली, अक्का हसली आणि सगळ्यांत शेवटी मुकुल. जेवताना दोघांनी त्या यादीवरून पुन्हा वाद घातला, अगदी जोरात, निम्मा कन्नडमध्ये. आईने या वेळी साकु म्हटले नाही.

साकेत अजून मुकुलशी बोलत नाही. विमानतळावर दिसला की मुकुल त्याला हात करतो. साकेत पाहतो आणि पुढे जातो. अक्काने विचारले की असे किती दिवस करणार. मुकुल म्हणाला, तो हात करेपर्यंत.

मित्रांनो, मी बॅग आहे. कोणाला आधी जागा द्यावी आणि कोणाला नंतर, हे मला ठरवता येत नाही. ते शहाण्या न्यायाधीशांनाही सगळ्यांच्या मनासारखे जमले नाही. मला फक्त चामड्याचे कळते. चामडे एका दिवसात तडकत नाही. ते कोरडे पडत जाते आणि कोरडे पडताना आवाज करत नाही. तुमच्या घरी कपाटावर माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला अधूनमधून खाली घ्या, तेलाचा हात लावा. आणि रांगेत तुमच्या पुढे किंवा मागे जो उभा आहे, त्याच्याशी भांडावे लागले तर जरूर भांडा. पण भांडताना त्याच्याविषयी जे खरे ठाऊक आहे, ते मात्र सोडू नका.